पाचवी लेन

१

गोपिका आता बरी आहे. कॉलेजात जाते. डाव्या पायानं किंचित लंगडते, पण जाते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे सांगता येईल.

मी वच्छला. नागपूरला सदरमधल्या एका मुलींच्या शाळेत पीटी शिकवते. लग्न केलं नाही. थोरली बहीण मीराताई आणि तिची मुलगी गोपिका यांच्याबरोबर राहते. ताई टेलिफोन ऑफिसात आहे आणि तिचे मालक चंद्रभानभाऊजी जहाजावर फिटर. ते वर्षातून महिनाभर घरी असतात, म्हणून घरातला पुरुष मीच, असं ताई हसून म्हणायची.

मला कशाची भीती वाटत नाही. शिट्टी गळ्यात असली की दोनशे पोरी एका ओळीत उभ्या करते. पाठ फिरवून उभी असले तरी ग्राउंडवर कोण धावतंय ते पावलांवरून सांगते. त्यात जादू काही नाही. कुणाची टाच आधी पडते, कुणी चवड्यावर धावतं, कुणाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा जड असतो. सतरा वर्षं ऐकलं की कान तयार होतात.

गोपिकाचं पाऊल तर मीच घडवलं होतं. शंभर मीटर हर्डल्स. सुरुवातीपासून पहिल्या हर्डलपर्यंत आठ ढांगा, पुढे दर दोन हर्डल्समध्ये तीन. पंधराव्या वर्षी ती विभागात पहिली येणार याची मला खात्री होती.

अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये स्पर्धेच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "मावशी, नळीत दुखून राहिलं वं." मी अंगठ्यानं तिच्या डाव्या पायाची नळी दाबून पाहिली. "काही नाही. धाव."

सातव्या हर्डलला तिचा डावा पाय अडकला. हाड मोडल्याचा आवाज मी फिनिशच्या दोरीपाशी उभी होते तिथपर्यंत ऐकू आला.

ताईनं मला एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

२

मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर. अडीच महिने. एप्रिल लागला तसं गोपिकाची खाट पुढच्या खोलीत कूलरसमोर आणली. पोरगी बोलेनाशी झाली. डबा उघडायची, दोन घास खायची, भिंतीकडे तोंड करायची.

एप्रिलच्या मध्यावर भाऊजी आले ते सिंगापूरहून एक खोका घेऊन. पांढऱ्या प्लास्टिकचं यंत्र, त्याला वायरनं जोडलेले दोन छोटे पॅड आणि एक पिवळी कॅसेट. टीव्हीला जोडायचं आणि खेळायचं. ते जोडायला सदरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्या शालिकरामला बोलावलं. त्यानं अर्धा तास बटणं फिरवली आणि पडद्यावर एक हिरवंगार स्टेडियम उगवलं.

जनावरांचं ऑलिंपिकच होतं ते. डोक्याला लाल फीत बांधलेला ससा, अस्वलाचं गुबगुबीत पिल्लू, निळी चड्डी घातलेलं बदक आणि गुलाबी गालांचं डुक्कर. शर्यत हर्डल्सची. बटण भराभर दाबलं की आपलं जनावर पळायचं, दुसरं बटण दाबलं की उडी मारायचं. हर्डलला धडकलं की डोक्याभोवती तारे फिरायचे. जिंकणारा पायऱ्यांवर चढून नाचायचा, आणि बाकीचे तिघे त्याच्याकडे तोंड करून वाकायचे.

डुक्कर पहिल्यांदा धडपडलं तेव्हा गोपिका हसली. महिन्याभरानंतर हसली. ताई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. मी भाऊजींना म्हटलं, "भाऊजी, लाख मोलाचं काम केलं तुम्ही."

त्यानंतर दुपारी दोन ते चार हा नियमच झाला. बाहेर ऊन, खिडक्या बंद, कूलरच्या वाळ्याचा वास आणि पडद्यावरच्या पावलांचा टिकटिक आवाज. मी शेजारी बसून सुट्टीतल्या शिबिराचे तक्ते करायची. पडद्याकडे फारसं बघायची नाही, कानावर पडायचं तेवढंच.

आणि कानावरच पडलं. चार जनावरं पळत होती, पण आवाज पाच जणांचा येत होता.

३

मी मान वर केली. स्टेडियममध्ये लेन पाच होत्या. चार लेनमध्ये चार जनावरं. पाचवी, अगदी कडेची, रिकामी. तिच्यातही दहा हर्डल्स मांडलेली होती. मी बघत असतानाच त्यातलं एक आपोआप पडलं.

"गोपिका, त्या लेनमध्ये कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग हर्डल कसं पडलं?"

"पडते तिथं रोज." तिनं पडद्यावरची नजर काढली नाही. "सातवं."

मी पुन्हा शर्यत लावायला सांगितली. बंदुकीचा आवाज झाला. मी डोळे मिटले आणि चार जनावरांचे आवाज बाजूला सारून पाचवा ऐकला. अगदी बारीक, पण स्वच्छ. आठ ढांगा. मग मध्ये क्षणभर काही नाही. मग तीन. पुन्हा काही नाही. पुन्हा तीन. सातव्याला खट्ट. डोळे उघडले तर सातवं हर्डल आडवं होतं.

बाकीची चार जनावरं अशी पळत नव्हती. ती एका हर्डलपासून दुसऱ्यापर्यंत अकरा-बारा टिकटिक करत जायची, खेळण्यासारखी. तीन ढांगांत जायला शिकवावं लागतं. ते कुणीतरी शिकवलेलं होतं.

मी कॅसेट काढली, पदरानं पुसली, पिशवीत यंत्र घातलं आणि शालिकरामच्या दुकानात गेले. त्याला म्हटलं, "यात बिघाड आहे. पाचव्या लेनकडे पाहा."

त्यानं त्याच्या टीव्हीला जोडून सहा वेळा शर्यत लावली. सहाही वेळा पाचव्या लेनमधली हर्डल्स उभीच राहिली. आवाजही चारच.

"मॅडम, वोल्टेजचा प्रॉब्लेम असन तुमच्याकडे," शालिकराम म्हणाला. "दुपारी कूलर चालू राह्यते नं सगळ्यांचे. त्याच्यानं चित्र फाटते."

मला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. मी घरी आले, खेळ लावला, कूलर बंद केला. घामाघूम होऊन आम्ही दोघी बसलो. त्या दिवशी सातवं हर्डल पडलं नाही.

आठवं पडलं.

गोपिका हळूच म्हणाली, "पाह्य, शिकून राहिली ती."

४

मग मी लक्ष ठेवायला लागले. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आठवं पडायचं, नंतर नववं. मी एकटीनं खेळून पाहिलं, गोपिका आत ताईजवळ झोपलेली असताना. काही पडलं नाही. तिची खाट पुढच्या खोलीत आली की पडायचं. मी मनात याला कारण शोधत होते आणि कारणं मिळतही होती. खाटेची लोखंडी चौकट, वायरिंग, काहीही.

एका दुपारी मी पडद्याकडे न बघता गोपिकाकडे बघत बसले. शर्यत चालू होती. तिच्या हातात पॅड नव्हता. तो गादीवर पडला होता. प्लास्टरच्या टोकाशी तिची पाच बोटं दिसत होती. ती बोटं दर हर्डलला आत मुडपत होती आणि सुटत होती. आणि प्लास्टरच्या आतून बारीक खरखर येत होती, पोत्यात काहीतरी हलावं तशी.

"बोटं काहून हलवते वं?" मी विचारलं.

"मी नाही हलवून राहिली."

"मग?"

ती थोडी लाजली. लहानपणी चोरून गूळ खाल्ल्यावर लाजायची तशीच. "मावशी, तुले सांगू? तुले राग नाही येणार नं? तिले धावायला पाय पायजे होता. माझा तसाही रिकामाच होता."

मी तिच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. मी तिला दटावलं, असलं काही बोलायचं नाही, आईसमोर तर मुळीच नाही. ती बरं म्हणाली. मी ओल्या फडक्यानं तिच्या पायाची बोटं पुसली, कारण त्यांच्या बेचक्यांत धूळ होती. खाटेवरून दोन महिने न उतरलेल्या पोरीच्या बोटांत ट्रॅकवरच्या मुरुमाची लालसर धूळ. कूलरमधून येत असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

भाऊजी जायच्या आदल्या दिवशी शेवटची शर्यत झाली. मी, ताई, भाऊजी, सगळे खोलीत होतो. पाचव्या लेनमधली दहाही हर्डल्स उभी राहिली आणि फिनिशची फीत त्या कडेला तुटली. ससा, अस्वल, बदक, डुक्कर सगळे मागून आले. पायऱ्या दिसल्या. पहिल्या पायरीवर कुणीच नव्हतं. चारही जनावरं त्या रिकाम्या पायरीकडे तोंड करून वाकली. एरवी ती लगेच सरळ व्हायची. या वेळी वाकलेलीच राहिली. वाजणारं गाणं संपलं तरी.

"अटकलं वाटते," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी बटण बंद केलं.

मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, यंत्र परत घेऊन जा, पोरीचे डोळे खराब होतात. गोपिका रडेल म्हणून मी तयारीत होते. ती म्हणाली, "नेऊ दे बाबाले. आता त्याचं काम नाही."

दुसऱ्या दिवशी यंत्र भाऊजींच्या बॅगेतून मुंबईला गेलं. मला वाटलं, मिटलं.

५

मेच्या शेवटी प्लास्टर काढलं. मी आणि ताई दोघीही गेलो होतो. मला हे दृश्य नवं नाही. माझ्या कितीतरी पोरींची प्लास्टरं माझ्यासमोर निघाली आहेत. आतून पाय निघतो तो काडीसारखा, पांढुरका, सालं सुटलेला. पिंढरी तर उरतच नाही. पाहणाऱ्याला रडू येतं, म्हणून मी ताईला आधीच सांगून ठेवलं होतं.

कापणाऱ्यानं प्लास्टरचे दोन भाग अलग केले आणि तो थांबला.

पाय भरलेला होता. उजव्या पायापेक्षा भरलेला. पिंढरीचा गोळा घट्ट, त्याखाली शीर उठलेली, कातडी उन्हात रापलेली. डॉक्टरांनी तळवा वर केला. टाचेला घट्टे होते. घट्ट्यांच्या भेगांमध्ये लाल माती.

"चालू दिलं का हिले प्लास्टरवर?" डॉक्टर चिडूनच म्हणाले.

"नाही हो," ताई म्हणाली. "खाटेवरून उतरली नाही पोरगी."

डॉक्टरांनी कापलेलं प्लास्टर उचलून पाहिलं. तळाशी ते पांढरंशुभ्र होतं, कुठं टवका नाही. त्यांनी एक्स-रे फोटो काढायला लावला. हाड सांधलेलं होतं. शेवटी ते म्हणाले, "लहान वय आहे. कधी कधी होते असं." आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

ताईनं तिथंच बाकावर बसून डोळे पुसले. आनंदानं. आणि मीही, खरं सांगते, आनंदलेच. मार्चपासून छातीवर एक धोंडा होता. अंगठ्यानं नळी दाबून "धाव" म्हणणारी मी होते. आता तो पाय पुन्हा समोर होता, धडधाकट, आधीपेक्षा चांगला. मातीचा विचार मी केला नाही. करायचाच नव्हता. माणसाला हवं ते मिळालं की तो पावती बघत नाही.

गोपिका मात्र पायाकडे बघत नव्हती. घरी येताना रिक्षात तिनं त्या पायावर ओढणी टाकली. एखादा अनोळखी माणूस शेजारी येऊन बसावा तशी ती अंग चोरून बसली होती.

६

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी तिला ग्राउंडवर नेलं. शाळा उघडायला अजून तीन आठवडे होते. सकाळचे साडेपाच, चांगलं उजाडलेलं, चौकीदार धोंडबा पुढच्या फाटकाशी दात घासत होता. ग्राउंडवर आम्ही दोघीच.

"मावशी, आज नको," ती म्हणाली.

"हर्डल्स नाही लावत. नुसता एक राऊंड. आरामात."

तिनं कॅनव्हासचे बूट बांधले. डाव्या पायाची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. मी शिट्टी वाजवली आणि सवयीनं पाठ फिरवली. मला ऐकायचं होतं.

पहिला राऊंड मी ऐकला. उजवं पाऊल गोपिकाचं होतं. चवडा आधी, मग हलकी टाच, हजार पोरींत ओळखेन असं. डावं पाऊल माझ्या ओळखीचं नव्हतं.

ते जड होतं, लांब पडत होतं, आणि उजव्यासाठी थांबत नव्हतं. उजवं पाऊल त्याच्यामागे ओढल्यासारखं येत होतं. दुसरं म्हणजे, गोपिकाच्या पायात बूट होते. डाव्या पायाचा आवाज अनवाणी पायाचा होता.

मी वळले. ती वळणावरून येत होती. आरामात नाही, पूर्ण वेगानं. जवळ आली तेव्हा तिचा चेहरा दिसला. घामानं भिजलेला, पांढरा, डोळे माझ्यावर रोखलेले.

"मावशी, थांबून नाही राहिला वं!"

"थांब! गोपिका, थांब!"

"मी नाही धावून राहिली! थो पाय थांबून नाही राहिला!"

ती समोरून गेली. पुढच्या फेरीपर्यंत वाट पाहायची नाही हे मला कळलं. मी ग्राउंड आडवं कापून गेले, समोरच्या वळणावर तिला गाठलं आणि कमरेला मिठी मारून खाली पाडलं. आम्ही दोघी धुळीत घसरलो. तिचा उजवा पाय लगेच निपचित पडला. डावा धावत होता.

मी त्यावर पडले. दोन्ही हातांनी पिंढरी धरली. माझ्या हातांत जोर आहे, मी गोळाफेक खेळलेली बाई आहे. तरी तो पाय मला हलवत होता. गुडघा पुढे, मागे, पुढे, मागे, मग एकदम बाजूला उचलून दुमडायचा आणि पुन्हा जमिनीवर. मला ते लगेच ओळखू आलं. मीच ते शेकडो पोरींना शिकवलं आहे. हर्डलवरून मागचा पाय असाच काढतात.

गोपिका ओरडत होती. मी "मी आहे, मी आहे" म्हणत होते. आणि डोकं मात्र मोजत होतं. तीन झाले. चार. सातव्याला माझे डोळे आपोआप मिटले. सात झालं. आठ, नऊ. दहाव्यांदा पाय दुमडला, सरळ झाला, पुढे सहा-सात वेळा जिवाच्या आकांतानं मागेपुढे झाला आणि थांबला.

मी पकड सोडली नाही. मग पकडीतच काहीतरी कमी व्हायला लागलं. पिंढरी माझ्या तळहातांना चिकटलेली होती, ती सुटली. माझी बोटं बोटांना टेकली. मोजा ढिला होऊन घोट्यावर घसरला. मी पाहिलं तेव्हा माझ्या हातात एक काडीसारखा, पांढुरका, सालं सुटलेला पाय होता.

"दुखते वं मावशी," गोपिका रडत म्हणाली. "लई दुखते."

मी तिला छातीशी धरलं. तिला दुखतंय याचा मला इतका आनंद झाला की मीही रडले.

७

सूर्य वर आला होता. धोंडबा लांबूनच ओरडला, "काय झालं जी मॅडम?" मी हात हलवून सांगितलं, काही नाही, पडली. त्याला जवळ येऊ दिलं नाही, कारण तोवर मी जमीन पाहिली होती.

आम्ही पडलो होतो तिथून धुळीत पाऊलखुणा निघत होत्या. अनवाणी पावलाच्या. ठसठशीत, पाची बोटं उमटलेल्या. पहिली आमच्या अगदी लगत, तिच्या कडा अजून ढासळत होत्या. दुसरी बरीच पुढे. तिसरी तेवढ्याच अंतरावर. सगळ्या डाव्या पायाच्या. त्या ट्रॅक सोडून सरळ पुढच्या फाटकाकडे गेल्या होत्या आणि फाटक उघडं होतं. धोंडबा तिथंच उभा होता, तोंडात काडी धरून. त्याच्या बाजूनं काही गेलं असेल तर त्याला ते दिसलं नव्हतं.

गोपिकानंही ते पाहिलं. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती बराच वेळ त्या खुणांकडे बघत राहिली.

"गेली का वं?"

"गेली," मी म्हटलं. माझा आवाज चांगला खणखणीत निघाला. "शर्यत संपली, गेली."

 मग लहान मुलानं विचारावं तसं तिनं विचारलं, "एकाच पायानं किती दूर जाईन ती, मावशी?"

मी खाली वाकले. तिला पाठीवर घेतलं. शाळेला मागच्या बाजूनं एक छोटं फाटक आहे, गवळ्याच्या म्हशी जातात ते. त्या फाटकानं आम्ही निघालो. डावा पाय माझ्या कमरेशी लोंबकळत होता, त्याला मी सोडून दिलं. उजवा मी दोन्ही हातांनी घट्ट धरला, आणि घर येईपर्यंत धरूनच ठेवला.